निरोगी छातीचा नमुना

४ जून

ठेकेदार दर वर्षी आम्हा मिस्त्री लोकांना एक जाडजूड डायरी देतो. वर चकचकीत पुठ्ठा, आत रेशमी दोरी आणि पहिल्या पानावर त्याचाच फोटो. आजवर अशा डायऱ्यांत मी फक्त मापं लिहिली. खोली केवढी, सांधा केवढा, पांढरी टाइल दोन खोकी जास्त मागव. आज पहिल्यांदा माप सोडून काही लिहितोय, कारण आज जे झालं त्याचं माप मला घेता येत नाही.

जेवताना मुंगी म्हणाली, "मी डॉक्टर होणार."

मुंगी म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. खरं नाव चांगलं लांबलचक आहे, पण रांगायला लागली तेव्हापासून घरात मुंगीच. बायको पडदे शिवते, मी फरश्या बसवतो. आमच्या दोघांच्या घराण्यात डॉक्टर सोडा, दवाखान्याच्या बाकावर न घाबरता बसलेलं माणूसही सापडायचं नाही.

बायको म्हणाली, "बरं. आधी ताटातलं संपव."

माझा घास मात्र हातातच राहिला. आनंदाने ठसका लागला तो असा की खोकला थांबेचना. मुंगी पाणी घेऊन आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. बातमी तिने दिली होती, पण चेहरा असा की मीच तिला काही सांगितलंय.

७ जून

शाळेतल्या जीवशास्त्राच्या बाईंनी मुंगीला सगळा रस्ता समजावून सांगितला आणि तिने तो मला. मी दोनदा ऐकला. शाळेची अजून दोन वर्षं. मग प्रवेश परीक्षा, जिला हजारो मुलं बसतात आणि मूठभर आत जातात. मग साडेचार वर्षं कॉलेज. पहिल्याच वर्षी माणसाचं अख्खं शरीर उघडून बघायचं, एकेक नस नावानिशी ओळखायची. कुणीतरी मरताना आपलं शरीर या पोरांसाठी देऊन ठेवलेलं असतं. हे ऐकून मी हातातला कप खाली ठेवला. ज्यांना आयुष्यात कधी पाहिलं नाही अशा पोरांसाठी!

त्यानंतर एक वर्ष इस्पितळात उमेदवारी. हा शब्द ऐकून मला कोण आनंद झाला. उमेदवारी मीही केलीय, उस्तादाची थापी धुण्यापासून. त्यानंतर डोळा, हाड, काळीज यातलं एक काही निवडून आणखी तीन वर्षं.

बायकोने बोटांवर हिशेब केला. "तोवर माझे दात तरी राहतील का?"

"दातांचा डॉक्टर वेगळा असतो," मुंगी म्हणाली.

मी म्हटलं, "एवढं मोठं काम आखणीशिवाय होत नाही. आखणी माझ्यावर सोडा."

१५ जून

पडद्याच्या कापडाच्या ताग्याला जो जाड तपकिरी कागद येतो तो बायकोकडून मागून घेतला आणि बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर लावला. आज सुट्टी होती. पेन्सिल, दोरी, काटकोनाचा गुण्या घेऊन बसलो.

नवशिका मिस्त्री भिंतीपासून टाइल लावत सुटतो आणि दाराशी येऊन अडकतो. शहाणा मिस्त्री आधी दारात उभा राहतो. आत येणाऱ्याची नजर पहिल्यांदा जिथे पडणार, तिथे अख्खी टाइल बसली पाहिजे. तिथून दोरी धरून मागे मागे जायचं. जे तुकडे कापावे लागतील ते पलंगाखाली नाहीतर कपाटामागे ढकलायचे. एवढीच आमची सगळी विद्या.

आता मुंगीच्या कामात नजर कुठे पडणार? शेवटी, दारावरच्या पाटीवर. म्हणून मी शेवटापासून सुरुवात केली. आधी पाटी, मग तीन वर्षं, मग उमेदवारी, मग कॉलेज, अशी एकेक टाइल अख्खीच्या अख्खी बसत गेली. परीक्षेच्या दोन वर्षांतही मी कुठे तडा जाऊ दिला नाही. अगदी अलीकडे, म्हणजे आत्ताच्या बाजूला, थोडी कापाकापी झाली. सायकल, मैत्रिणीकडचा रविवार, चित्रं काढणं, दुपारची झोप. पण ती काय, कपाटामागची जागा.

बायको म्हणाली, "बाजारात तुरी!" मी दुर्लक्ष केलं. मुंगी बराच वेळ कागदासमोर उभी होती. माझ्यासारखीच भारावली असणार.

२८ जून

आज तर मी थक्क झालो. मुंगी वाचनालयातून एक जुनं पुस्तक घेऊन आलीय. त्यात डॉक्टर छाती कशी तपासतात ते चित्रांसह दिलंय. डाव्या हाताचं मधलं बोट पाठीवर टेकवायचं आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर ठोकायचं. आवाजावरून आतलं कळतं.

"अगं, हे तर मी रोज करतो!" मी ओरडलोच. टाइल बसली की बोटाच्या पेराने ठोकून बघायची. खाली सिमेंटचा माल भरला असेल तर आवाज घट्ट येतो, पोकळ राहिली असेल तर मोठा आणि रिकामा. मी तिला स्वयंपाकघरात नेऊन आमच्याच ओट्याखालची एक पोकळ टाइल ऐकवली. (ती मी बसवलेली नाही. आधीच्या भाडेकरूची करणी आहे.)

मुंगी म्हणाली, "छातीचं उलटं असतं बाबा. आत हवा असते ना, म्हणून छाती पोकळच वाजली पाहिजे. भरीव वाजली तर गडबड."

काय डोकं आहे! मग तिला सराव हवा म्हणून मी शर्ट काढून बसलो. तिने पाठीवर वरून खाली, दोन्ही बाजूंना, अगदी हळू ठोकलं.

"काय म्हणतोय माल?"

"मला अजून नीट ऐकता येत नाही," ती म्हणाली, आणि आत आईकडे गेली. दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. माझ्या वाढदिवसाचं काहीतरी शिजत असणार. वाढदिवस लांब आहे, पण बायकांना घाई फार.

९ जुलै

हे लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

फुप्फुसांत द्राक्षांच्या घडासारखे बारीक बारीक फुगे असतात. कोट्यवधी. ते सगळे फुगे कापून, उलगडून, एकाशेजारी एक जमिनीवर पसरले तर किती जागा लागेल? मुंगीने पुस्तकातला आकडा सांगितला आणि मी आमचं घर मापलं. आमच्यासारखी दोन घरं भरून फरशी पडेल! प्रत्येक माणसाच्या छातीत! बस थांब्यावर उभ्या त्या म्हातारीच्या, ठेकेदाराच्या, माझ्यासुद्धा. दोन घरांची फरशी घडी घालून या एवढ्याशा पिंजऱ्यात बसवलीय, आणि कुठे सुरकुती नाही.

मी विचारलं, "जाडी किती?"

"कागदाहून कितीतरी पातळ. पलीकडे लगेच रक्त."

"आणि एखादी टाइल खराब झाली तर? उपटून नवी?"

मुंगी पुस्तकाकडे बघत राहिली. "नाही बाबा. ती नवी बसत नाही."

मी म्हटलं, हीच एक चूक केली बघ त्या मिस्त्रीने. जादा खोकी मागवायची असतात. मी हसलो, ती हसली नाही. अभ्यासाच्या बाबतीत तिला थट्टा चालत नाही.

२२ जुलै

सध्या एका नव्या इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर काम आहे. लिफ्ट अजून सुरू नाही. जाता-येता मी प्रत्येक मजल्यावर थांबून दुसऱ्यांनी बसवलेली फरशी बघतो. चूक शोधण्यात एक वेगळीच मजा असते. तिसऱ्या मजल्यावर तर भिंतीला हात टेकून चांगला वेळ बघितली. तिथे सांधे वाकडे आहेत.

माझा जोडीदार, जो माझ्यासोबत जन्मभर माल कालवतोय, वरून ओरडला, "स्वतःचं ठेवायचं झाकून, अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून! चला वर!"

आज पांढऱ्या दगडाची बारीक कटाई होती. बाकीचे पाणी सोडून कापतात. मी कोरडीच कापतो. पाण्याने पेन्सिलची रेघ पुसते आणि पांढऱ्या दगडावर गाळाचा डाग बसतो. तोंडाला रुमाल बांधला की झालं. माझ्या कटाईत खेळायचा पत्ता सरकवायलाही फट सापडत नाही. ठेकेदार पाहुण्यांना दाखवायला आणतो.

घरी आल्यावर बायकोने रुमाल बादलीत बुडवला आणि मुंगीला हाक मारून ते पाणी दाखवलं. पाण्यात काय एवढं बघायचं होतं, त्या दोघी जाणोत.

३ ऑगस्ट

मुंगीचा नवा प्रयोग. मेणबत्ती लावली, मला वीतभर दूर बसवलं आणि म्हणाली, "तोंड उघडं ठेवा, ओठांचा चंबू करायचा नाही, आणि विझवा."

नाही विझली. पंखा चालू होता. तिने पंखा बंद केला. तरी नाही विझली. हल्लीच्या मेणबत्त्यांची वात फार जाड असते. मग बायकोने तशीच उघड्या तोंडाने फूं केलं, तर विझली. तिला रागावून बोलायची सवय आहे, तिच्या फुंकरीला जोर असणारच.

मुंगीने वहीत काही लिहिलं. एवढीशी पोर, पण निरीक्षण असं टिपते की जणू मोठ्या डॉक्टरीणबाई. मला भरून आलं.

१४ ऑगस्ट

आज माझी फजिती झाली, आणि ती इथे लिहिलीच पाहिजे.

कामावरून आलो तर मुंगी जमिनीवर, वहीवर डोकं ठेवून झोपलेली. संध्याकाळचं ऊन तोंडावर होतं तरी जाग नाही. कागदावरच्या आखणीप्रमाणे ती वेळ रसायनशास्त्राची. मी तिला हलवलं. ती उठली, भिंतीपाशी गेली आणि म्हणाली, "बाबा, एक सांगू? रागवू नका."

"सांग की."

"तुम्ही शेवटच्या टोकाला दार धरलंत. पण मी तर या टोकाला उभी आहे. आत येतेय ती मीच ना? सगळे कट माझ्या दारात आलेत."

मी कागद बघितला. मग मागे सरकून, दारात उभं राहून बघितला. पोरीचं खरं होतं. उजवीकडे वर्षानुवर्षं अख्ख्या, सुंदर ओळी. आणि डावीकडे, जिथे माझी लेक आज उभी आहे, तिथे नुसते तुकडे. जेवणाचा तुकडा, झोपेचा तुकडा, खेळाला तर नखाएवढी चीप. माझ्या हाताखालच्या कुणी अशी फरशी लावली असती तर मी थापी हिसकावून घेतली असती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"फाडून टाकू?" मी विचारलं.

"फाडू नका. पुन्हा लावू या. या टोकापासून. तिकडे जे कापायचं ते मोठी झाल्यावर मी कापीन."

पंधरा-सोळा वर्षांची पोर!

५ सप्टेंबर

नवी आखणी झाली. या वेळी बाप-लेक दोघांनी मिळून. सायकल परत आली, रविवार अर्धा सुटला, झोप अख्खी. अभ्यास तेवढाच आहे, पण आता त्याला श्वास घ्यायला जागा आहे. प्रवेश परीक्षा पहिल्या खेपेला नाही जमली तर आणखी एक वर्ष धरलंय. ते वर्ष मला लिहवत नव्हतं. मुंगीने स्वतः लिहिलं. म्हणाली, "उतार आधीच काढून ठेवावा, पाणी साचल्यावर नाही. तुम्हीच म्हणता ना?"

शेवटी तिने विचारलं, "यात तुम्ही कुठे आहात?"

"मी? मी खालचा माल. टाइल बसली की माल दिसतो का कधी?"

तिने कागदाचा सुटलेला कोपरा चिकटवला. थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, बाईंच्या ओळखीने मला मोठं इस्पितळ आतून बघता येणार आहे. जिथे कॉलेजही आहे. तुम्ही याल ना? तिथे छातीच्या विभागात शिकणाऱ्या मुलांना दाखवायला एक निरोगी माणूस लागतो. नमुना म्हणून. मी तुमचं नाव दिलंय."

मी आरशात बघितलं. नमुना म्हणून माणूस काही वाईट नाही. बायको पाठमोरी बसून शिलाई करत होती. मशीन चालू होतं, पण खाली कापड नव्हतं.

१२ सप्टेंबर

इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

काय ते इस्पितळ! एकेका मार्गिकेत आमची गल्ली मावेल. फरशी एकसंध, भिंतीला कोपराच नाही. जमीन गोलाईने वर चढून भिंत होते, म्हणजे कचरा साचायला जागाच नको. मी वाकून हात फिरवला. पांढऱ्या डगल्यातली पोरं-पोरी झपझप जात होती, गळ्यात नळ्या, डोळे तारवटलेले. मुंगीपेक्षा फार मोठी नव्हती. त्यातली एक मुलगी भिंतीला टेकून उभ्या उभ्या काहीतरी पाठ करत होती. मी मुंगीच्या कानात म्हटलं, "सहा-सात वर्षांनी तू."

छातीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मला काका म्हणाल्या. त्यांनी नळी लावून ऐकलं, आणि मग तेच! बोटावर बोट ठेवून ठोकलं. वरून खाली, दोन्हीकडे, डोळे मिटून. मी स्वतः ज्या डौलात टाइल ठोकतो अगदी तसं. देवळात उभं राहावं तसा मी गप्प उभा होतो. माणसाने माणसाच्या आतलं ऐकायचं म्हणजे काय, हे मला त्या खोलीत कळलं. मग एका यंत्रात जोरात फुंकायला लावलं, आणि छातीचा फोटो काढला.

फोटो उजेडावर लावला. माझ्या बरगड्या! माझं काळीज, एका बाजूला कललेलं. आणि दोन्ही बाजूंना चांदण्यांसारखे बारीक पांढरे ठिपके, वरच्या भागात दाट. मी म्हटलं, "किती सुंदर आहे हो!"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग मुंगीकडे बघितलं. "काका, तुम्ही दगड कोरडा कापता का?"

मी अभिमानाने सांगितलं. पेन्सिलची रेघ, गाळाचा डाग, पत्ता न सरकणारी फट, सगळं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे तोडलं नाही. मग आपली खुर्ची टेबलाच्या अलीकडे, माझ्यासमोर ओढून घेतली.

"हे ठिपके म्हणजे ती धूळ आहे काका. दगडाची. फुप्फुसात जाऊन बसलीय आणि तिच्याभोवती व्रण झालेत. त्यामुळे तुम्हाला दम लागतो."

मी म्हटलं, "मी तर नमुना म्हणून आलोय. निरोगी."

मुंगी स्वतःच्या चपलांकडे बघत होती.

बाईंनी सगळं सांगितलं. झालेलं नुकसान भरून येत नाही. धूळ आज थांबवली तर पुढचं बिघडणं हळू होईल, कदाचित थांबेलही. नाही थांबवली तर झपाट्याने वाढेल. औषधाने दम थोडा सुसह्य होईल, बरं मात्र होणार नाही. दर काही महिन्यांनी येऊन दाखवायचं. आणि कटाई बंद. मी विचारलं, पूर्ण? त्या म्हणाल्या, कोरडी कटाई पूर्ण बंद, आणि ती जिथे चालते तिथे उभंसुद्धा राहायचं नाही.

परत येताना बसमध्ये मी खिडकीजवळ बसलो. मुंगी शेजारी बसली नाही, मागच्या बाकावर बसली.

१३ सप्टेंबर

आज काही लिहायचं नाही.

१६ सप्टेंबर

तीन दिवस कुणाशी बोललो नाही. आज बायकोवर ओरडलो. मला फसवून नेलं, पोरीला खोटं बोलायला शिकवलं, स्वतःच्या घरात मी चेष्टेचा विषय झालो. ओरडताना अर्ध्यावर दम लागला, म्हणून उरलेलं बसून ओरडलो.

बायकोने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताकाला जाऊन भांडं लपवायची हौस आम्हालाही नव्हती. सरळ सांगितलं असतं, चला डॉक्टरकडे, तर आला असतात?"

मी विचार केला. "नसतो आलो."

"वर्षभर सांगतेय मी. तुम्ही म्हणायचात, धुळीचा खोकला आहे, सगळ्या मिस्त्रींना असतो."

"असतोच."

"हो. सगळ्यांना असतो," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच रडली. लग्न झाल्यापासून मी तिला भांडताना हजारदा पाहिलं, रडताना फार नाही. मला काय करावं सुचेना. तिच्या मशीनवरचा सुताचा गुंता सोडवत बसलो.

मला भीती वाटते. मरणाची आहेच, खोटं कशाला लिहू. पण त्याहून मोठी ही की माझ्यापायी पोर रस्ता सोडेल. काल ती आईला विचारत होती, एखादा छोटा कोर्स करून लगेच नोकरी लागते का. भिंतीपलीकडून मी ऐकलं. भिंतीवरचा कागद तिने अजून काढलेला नाही, पण त्याच्याकडे बघतही नाही.

२१ सप्टेंबर

ठेकेदाराकडे गेलो. वाटलं होतं तो तोंड वाकडं करील. तो म्हणाला, "आखणी कर. तुझ्यासारखी दोरी कुणाला धरता येते? दोरी धर, पातळी बघ, चुका काढ. त्यात तर तू पटाईत आहेस." कापणारे आता पाणी सोडूनच कापतील, हेही मी वदवून घेतलं. निम्मे मिस्त्री चिडले. रेघ पुसते म्हणाले. मी म्हटलं, "मेणाच्या खडूने मारा रेघ." इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

जोडीदाराला इस्पितळात जायला सांगितलं. त्याने हसण्यावारी नेलं. उद्या पुन्हा सांगणार, परवाही सांगणार.

दगड कापायचा ग्राइंडर त्याला देऊन टाकला तेव्हा हात हलका झाला. हलका म्हणजे बरा नव्हे. नुसता रिकामा.

२८ सप्टेंबर

संध्याकाळी मुंगी माझ्या छातीचा फोटो खिडकीच्या काचेला धरून उभी होती. मी मागे जाऊन उभा राहिलो. इस्पितळानंतर आम्ही धड बोललो नव्हतो.

मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"सातवीत. शाळेच्या नाटकात. मी पडद्यामागे होते आणि समोर सगळा अंधार. बाकीच्या मुली फटीतून डोकावून आपापले आईबाबा शोधत होत्या, कुणाला सापडेनात. मला बघावंच लागलं नाही. तुमच्या खोकल्यावरून कळलं तुम्ही कुठे बसलाय."

मी काचेकडे बघत राहिलो.

"तेव्हाच ठरवलं," ती म्हणाली. "डॉक्टर व्हायचं आणि तो खोकला काढून टाकायचा. तुम्हाला सांगितलं खूप नंतर."

आणि मी समजत होतो की आधी तिला डॉक्टर व्हायचं होतं, आणि मग सरावासाठी घरात सोयीची एक पाठ मिळाली. मेणबत्ती, ठोकणं, रुमालाचं पाणी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. माझ्या घरात एवढं मोठं काम चाललं होतं आणि मी शेजारी बसून कौतुक करत होतो.

मी म्हटलं, "पण त्या बाई म्हणाल्या, हे निघत नाही."

"नाही निघत."

"मग? अजून व्हायचंय? खरं सांग. छोटा कोर्स केलास तरी मी..."

तिने फोटो खाली ठेवला.

"चार दिवस वाटलं, कशाला व्हायचं? ज्याच्यासाठी होणार तेच जमणार नसेल तर? मग मला त्या डॉक्टरीणबाईंची खुर्ची आठवली. त्यांना सगळं टेबलापलीकडून सांगता आलं असतं. त्या अलीकडे आल्या. काही लपवलं नाही आणि उठूनही गेल्या नाहीत. मला ते शिकायचंय बाबा. व्हायचंय. आधीपेक्षा जास्त."

माझ्या मनात एक प्रश्न बरेच दिवस होता. बायकोला विचारला तर ती म्हणाली, असं अभद्र बोलू नये. जोडीदाराला विचारला तर म्हणाला, तू आम्हा सगळ्यांना पोचवून जाशील. ठेकेदार म्हणाला, छे छे. सगळ्यांनी मायेनेच सांगितलं, पण सांगून झाल्यावर प्रत्येकाने दुसरीकडे बघितलं.

मी मुंगीला विचारलं, "तू डॉक्टर होशील तेव्हा मी असेन का गं?"

वाटलं, आता हीही म्हणणार, असाल की, असं काय विचारता. तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"माहीत नाही, बाबा."

एवढंच म्हणाली. नजर वळवली नाही, हात सोडला नाही. आतून आईने जेवायला हाक मारली तरी ती तशीच उभी राहिली. आजवर ती डॉक्टर होणार असं मी कागदावर लिहीत होतो. आज ती होताना पाहिली.